खाऱ्या तळ्याकाठचा निमो

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो, लोणारला. चुलत भावाचा मुलगा यंदा नववीत आहे. मी चपला काढतोय तोवर त्याने विचारलं, "काका, तुमच्याकडे आधी निमोची टाकी होती ना? मला पण करायची आहे. निमो आणि त्याचं ते फूल, दोन्ही."

मी "बघू" म्हणालो. घरातल्या मोठ्या माणसाच्या "बघू"चा अर्थ पोरांना चांगला कळतो. त्यालाही कळला. पण मला रात्री झोप लागेना. नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, आणि ते कारण मी वीस वर्षांत कुणाला धड सांगितलेलं नव्हतं. आज ते लिहून काढतो. त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

सुरुवात तळ्यापासून. ज्यांनी लोणार पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: उल्का पडून झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खाली खारं पाणी. नुसतं खारं नाही, अल्कधर्मी. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो, आमच्या तळ्याचा दहाच्या घरात. हे मोजमाप असं आहे की एक अंक वाढला म्हणजे फरक दहापट, दोन वाढले म्हणजे शंभरपट. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली आणि साहेबाच्या जगाला ते कळलं. आम्हाला ते लवणासुरापासून ठाऊक होतं :) विष्णूने दैत्याला मारलं, त्याची जागा म्हणजे हे विवर, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. निजामाच्या काळी आणि १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेल्यावरही या तळ्यातून खार निघायचा. साबणाला, काचेला, पापडाला.

आमच्या लहानपणी त्या पाण्यात मासा नव्हता. एकही नाही. वर धारेच्या गोमुखातून गोड पाणी पडायचं, खाली गेलं की हिरवं, उग्र वासाचं पाणी, आणि मध्ये दोन-चार मिनिटांची पायवाट. मी एकदा काठी-दोरी-आकडा घेऊन खाली निघालो तर आजी म्हणाली, "काहून रे, त्याच्यात मासा हाय का? मंग काय पकडतं?" मी परत फिरलो. म्हणजे मी अशा गावचा, जिथे पाणी भरपूर आणि मासा शून्य. माशांचं वेड मला नेमकं त्यामुळेच लागलं असावं.

पहिला जिवंत समुद्री मासा मी १९८४ च्या उन्हाळ्यात बघितला. दहा वर्षांचा होतो. लोणारहून एसटीने जालना, जालन्याहून रेल्वेने मनमाड, तिथे गाडी बदलून दादर. मामांनी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेलं. हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. तारापोरवाला कुटुंबाने दोन लाख रुपये दिले म्हणून त्यांचं नाव. मला तारखा-बिरखा कुठल्या आठवायला? अंधारलेला बोळ, भिंतीत उजेडाचे चौकोन आणि काचेला लागलेलं माझं नाक एवढंच आठवतं. मागून लोक ढकलत होते, मी हललो नाही. (पुढे २०१५ मध्ये ते नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलं तेव्हा लेकीला घेऊन गेलो. बारा फुटी पारदर्शक बोगदा वगैरे केला होता. लेक खूश. मी आपला तो जुना बोळ शोधत होतो.)

असो. मुद्द्यावर येतो.

२००३ साली 'फाइंडिंग निमो' आला. त्या चित्रपटामुळे जगात क्लाउनफिशची मागणी खरंच किती वाढली यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण आमच्या घरात ती शून्यावरून एकावर गेली, हे मी शपथेवर सांगतो. लेक सहा वर्षांची होती. २००४ च्या गणपतीत मी तीन फुटी काचेची टाकी आणली. मीठ आलं, पंप आला, नळीदिवे आले. दुकानदाराने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची दोन पिल्लं दिली आणि एक समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन. गालिच्यासारखं पसरट, वर बोटभर लांबीचे असंख्य हलते दोरे. "हे घ्याच साहेब, याच्याशिवाय निमो जगत नाही," तो म्हणाला. मी घेतलं. विचारलं काहीच नाही. तेव्हा मला वाटायचं की पैसे दिले म्हणजे माहितीही पिशवीतच येते.

समुद्रफूल हा प्राणी आहे, झाड नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. ते सरकतं. रात्री एका कोपऱ्यात, सकाळी दुसऱ्या. आम्हाला गंमत वाटायची. ते उजेड शोधत फिरत होतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. माझ्या दोन नळीदिव्यांत कसलं ऊन? आठ-दहा दिवसांत त्याचा तपकिरी रंग उतरला, पांढरट पडलं. लेक म्हणाली, "बाबा, ते गोरं झालं." त्याच्या दुसऱ्या रात्री ते पंपाच्या तोंडाशी गेलं आणि ओढलं गेलं.

सकाळी टाकीत ताक केल्यासारखं पाणी होतं. वास सगळ्या घरात. मोठा मासा तळाशी आडवा, छोटा वर येऊन तोंड उघडतोय. मी बादलीत नवं मीठपाणी कालवून छोट्याला त्यात सोडलं आणि बाकी सगळं बायकोच्या मदतीने संडासात ओतलं. लेक झोपलेली होती. उठल्यावर तिला सांगितलं, फूल आणि मोठा निमो समुद्रात परत गेले.

ती थाप अजून माझ्या अंगावर आहे. तिला बऱ्याच वर्षांनी कळलं, हसली. मला काही हसू आलं नाही.

छोटा वाचला. पंपाच्या कोपऱ्याला अंग घासत, तिथेच झोपत, २०११ पर्यंत जगला. फुलाशिवाय. म्हणजे दुकानदाराचं वाक्य चूकच होतं. मग ते आलं कुठून? हे शोधण्यात माझी काही वर्षं गेली, आणि त्यात जे वाचलं तो या लेखाचा खरा विषय.

हा मासा आणि फूल यांची जोडी पाश्चात्त्य शास्त्राला कळली ती तशी उशिरा. दक्षिण चीन समुद्रात फिरलेल्या कथबर्ट कॉलिंगवूड नावाच्या इंग्रज निसर्गतज्ज्ञाने १८६८ मध्ये लिहिलं की एका मोठ्या समुद्रफुलाच्या पोटाशी छोटे मासे राहतात आणि त्यांना काही होत नाही. त्या किनाऱ्यांवरच्या कोळ्यांना ते पिढ्यान् पिढ्या दिसतच असणार (आमचा लवणासुर आणि अलेक्झांडर, तसंच). त्या दोऱ्यांत हजारो विषारी सुया असतात, दुसरा मासा टेकला तर लुळा पडतो. क्लाउनफिश वाचतो तो अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे. हल्लीचे संशोधक सांगतात की सुया सुटायला जी एक साखर कारण होते, ती याच्या अंगावर फारच कमी असते. बदल्यात मासा फुलाचे लचके तोडणाऱ्यांना हाकलतो, पाणी हलतं ठेवतो, आणि त्याच्या विष्ठेवर ते शेवाळं पोसलं जातं. क्लाउनफिशच्या जाती तीसच्या आसपास आहेत, पण त्यांना घरात घेणारी समुद्रफुलं जगात फक्त दहा जातींची. ही 'दहा' लक्षात ठेवा.

आता घरात समुद्र आणायच्या वेडाचा इतिहास. तो मुळात माशापासून सुरू होत नाही, फुलापासून आणि प्रवाळापासून होतो. १८४६ मध्ये लंडनच्या अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले. पाणी ताजं ठेवायला पंप कुठले? तर घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची, वारा मिसळावा म्हणून. प्रवाळ तीन वर्षं जगले. इतिहासात नाव बाईंचं. आमच्या टाकीतला हवेचा पंप घुर्र करायला लागला की मला ती खिडकीतली मुलगी आठवायची.

मग फिलिप हेन्री गॉस आला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात त्याचा हात होता. १८५४ मध्ये त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंड वेडं झालं. घरोघरी काचेची भांडी. लोक रेल्वेने किनाऱ्यावर जायचे, खडकांवरची फुलं छिन्नीने सोलून आणायचे. ती मरायची, पुन्हा जायचे. काही वर्षांत ती फॅशन विरली. पण गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये आपल्या 'फादर अँड सन' या पुस्तकात लिहून ठेवलं की लहानपणी बापाबरोबर पाहिलेली ती खडकातली कुंडं लोकांनी ओरबाडून संपवली. आणि त्याला कारणीभूत झाली ती पुस्तकं बापाचीच, हे दुःख बापालाही होतं. मी ते वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. पुस्तक मिटून रिकाम्या टाकीकडे बघत बसलो.

याच्या उलटही एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. स्कॉटलंडच्या सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक साधं लाल समुद्रफूल आणलं. काचेच्या बरणीत ठेवलं, नेमाने समुद्राचं पाणी बदललं, शिंपल्याचे तुकडे भरवले. डॅलियेल १८५१ मध्ये वारले, फूल जिवंत. मग ते एकाकडून दुसऱ्याकडे वारसाने गेलं. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणायचे. शेकडो पिल्लं झाली. ते गेलं १८८७ मध्ये, एकोणसाठ वर्षं बरणीत काढून. वर्तमानपत्रात मृत्युलेख आला!

एका बरणीत एकोणसाठ वर्षं आणि माझ्या तीन फुटी टाकीत दोन आठवडे. फरक यंत्रांचा नव्हता, डॅलियेलकडे विजेचा दिवासुद्धा नव्हता. त्यांनी थंड समुद्रातलं, ओहोटीला उघड्यावर पडून तगणारं चिवट फूल निवडलं आणि पाणी रोज बघितलं, एवढंच. उष्ण समुद्रातली, क्लाउनफिशची ती दहा मोठी फुलं तशी नाहीत. त्यांना आयुष्य लांब, पण वाढ सावकाश. खडकावरून एक काढलं की त्याच्यावर राहणारं माशांचं कुटुंब उघड्यावर पडतं.

आणि ते कुटुंबही साधं नाही. १९७७ मध्ये फ्रिके दांपत्याने दाखवलं की एका फुलावर सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालोखालचा तो नर, बाकीची बारकी थांबलेली. मादी गेली की नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा नर होतो. म्हणजे चित्रपटात आई मेल्यावर बापाने निमोला शोधत हिंडायचं कारणच नव्हतं, त्याने आई व्हायला हवं होतं :) आमचा पंपाशेजारचा छोटाही शेवटी बहुधा मादी झाला असणार. लेकीला हे सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "मग त्याचं नाव बदलायचं का?"

उष्ण समुद्रातले मासे सामान्य घरांत शिरले ते १९५०-६० नंतर. विमानं आली, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, तयार समुद्री मीठ बाजारात मिळू लागलं, आणि गंजणाऱ्या लोखंडी चौकटीऐवजी सिलिकॉनने चिकटवलेल्या काचा आल्या. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ घरी कसे जगतात ते लिहिलं. त्याच दशकात फिलिपिन्समध्ये सायनाइड पाण्यात फवारून मासे गुंगवून पकडायची पद्धत सुरू झाली. मासा विकेपर्यंत जगतो, प्रवाळ मागे मरतो.

'फुलाशिवाय निमो जगत नाही' हे वाक्य या काळातलं असणार. समुद्रात ते खरंच आहे. तिथे फुलाबाहेर गेलेला क्लाउनफिश संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी पोटात जातो. पण टाकीत त्याला खाणारं कोण आहे? तिथे त्याला आडोसा पुरतो. काही मासे प्रवाळाला फूल समजून त्यात शिरतात, काही पंपाला. माणसाने समुद्राचा नियम टाकीला लावला, आणि तो नियम दुकानाच्या सोयीचा होता, कारण फूल वेगळ्या किमतीला विकलं जातं. आपल्याकडे प्रवाळाचा प्रश्नच नाही, कारण २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. घरात ठेवणं गुन्हा आहे.

चांगली बातमीही आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात मार्टिन मो यांनी क्लाउनफिशची पैदास व्यापारी पातळीवर करून दाखवली. नर अंड्यांना पंखांनी वारा घालतो, आठवडा-दहा दिवसांनी अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात आणि पुढचे काही दिवस जिवंत, डोळ्यांना जेमतेम दिसणारं अन्न लागतं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी विळिंजम आणि मंडपमला हे तंत्र बसवलं. आपल्या ऐरोलीतही कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी झाली. जोड्यांना अंडी घालायला तिथे-तिथे काय देतात ठाऊक आहे? साधी मातीची कुंडी किंवा कौल.

आणि पिल्लांचं अन्न? इथे मला गावाकडची वाट सापडली. जगभरच्या हॅचऱ्यांत पिल्लं जरा मोठी झाली की त्यांना आर्टेमिया देतात, खाऱ्या तळ्यातली बारीक कोळंबीसारखी जीवजात. तिची अंडी मोठ्या प्रमाणावर येतात अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून, जिथे खारेपणामुळे मुख्य तळ्यात मासा टिकत नाही. मोठ्या माशांच्या खाद्याच्या डबीवर वाचाल तर स्पिरुलिना लिहिलेलं असतं. आमच्या तळ्याला वर्षानुवर्षं जो हिरवा रंग होता तो याच स्पिरुलिनाचा! २०२० च्या जूनमध्ये तळं एकदम गुलाबी झालं आणि टीव्हीवाले धावले. तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितलं की हे मीठप्रिय सूक्ष्मजीवांचं काम आहे. म्हणजे आजीचं म्हणणं बरोबर होतं, मासा नव्हता. पण माशाचं जेवण तिच्या डोळ्यांसमोर तरंगत होतं.

हे सगळं मी पुतण्याला दिवाळीतच, धारेच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं. संडासात ओतलेल्या फुलासकट. लेकीला मारलेल्या थापेसकट. तो गप्प बसून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे नाहीच ना?"

मी म्हणालो, नाही असं नाही. फूल नाही, हे नक्की. समुद्रातून पकडलेला मासाही नाही. हॅचरीतली जोडी आणि कुंभाराकडची एक कुंडी. पण त्याआधी टाकीत फक्त मीठपाणी घालायचं, लिटरला ३५ ग्रॅम, आणि एकही मासा न सोडता पुढच्या पावसाळ्यापर्यंत सांभाळायचं. रोज तापमान लिहायचं. लाइट गेली की किती वेळ गेली ते लिहायचं. माशाला सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं पाणी लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच चाळिशी ओलांडते, हे कागदावर बघ आणि मग तूच ठरव.

मला वाटलं पंधरा दिवसांत कंटाळेल. गडी नाही कंटाळला. दर रविवारी मला वहीच्या पानाचा फोटो येतो. एप्रिलमध्ये पाणी ३३ वर गेलं, त्याने पंखा लावला, ३० वर आलं, पण पाणी उडून मीठ वाढलं, मग गोडं पाणी रोज किती घालायचं याचा तक्ता केला. मे महिन्यात एका वादळात बारा तास लाइट नव्हती. त्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "आज मासे असते तर मेले असते."

गेल्या रविवारी मी फोनवर विचारलं, मग काय ठरवलंस? तर म्हणाला, "काका, अजून एक वर्ष बघतो. आधी बॅटरीवरच्या पंपाचं बघतो." मागून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, समजवा त्याले! गावात बिनमाशाचं खारं तळं एक हाय, आता घरात दुसरं!"

कुंडी मात्र त्याने आणून ठेवली आहे. टाकीत, तळाशी, आडवी.